दाब राखा, शेपूट छाटा : हायस्पीड कनेक्टरच्या कॉन्टॅक्टची रचना

डेस्कटॉप संगणकाचं कॅबिनेट उघडलं की ग्राफिक्स कार्ड ज्यात बसतं तो लांबट स्लॉट दिसतो. तो पीसीआय एक्सप्रेसचा. २००३ सालच्या पहिल्या पिढीत त्याच्या एका लेनवरून एका दिशेला सेकंदाला २.५ अब्ज बिट जात. २०१९ मध्ये पाचव्या पिढीचं मानक आलं तेव्हा हा आकडा ३२ अब्जांवर पोचला होता. शेजारशेजारच्या दोन कॉन्टॅक्टमधलं अंतर मात्र तेव्हाही १ मिमी होतं, आजही तेवढंच आहे, आणि जुनं कार्ड नव्या स्लॉटमध्ये निमूट बसतं. कनेक्टरपुरतं बोलायचं तर वेगातली ही जवळपास तेरापट वाढ बाहेरच्या मापांना हात न लावता साधावी लागली. जे काही करायचं ते वाकवलेल्या पट्टीच्या थोड्या मिलिमीटरांत आणि तिच्याभोवतीच्या प्लास्टिकमध्ये. कॉन्टॅक्टची रचना शिकायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही, म्हणून या लेखात तेच धरून चालतो.

लेख दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे. पुणे, भोसरी, चाकण या पट्ट्यात वाहनांच्या वायरिंगचे टर्मिनल घडवणारी मुरलेली मंडळी आहेत. प्रोग्रेसिव्ह डाय, स्प्रिंगबॅक, बर यांबद्दल त्यांना कुणी शिकवायची गरज नाही. पण आता त्याच वाहनांत कॅमेरे आले, ईथरनेट आलं, आणि ग्राहक ‘किती अँपिअर’ऐवजी ‘किती गिगाहर्ट्झ’ विचारू लागला. दुसरे वाचक म्हणजे सिग्नल इंटिग्रिटीचं सॉफ्टवेअर चालवणारे तरुण अभियंते. पडद्यावर पट्टी ओढून आखूड करता येते, तशी ती डायमधूनही निघेल आणि दहा वर्षं दाबही देत राहील, असं त्यांना वाटतं. प्रत्येक प्रकल्पात या दोघांची ओढाताण होते. सिग्नलवाला म्हणतो पट्टी बारीक कर, आखूड कर. मेकॅनिकलवाला म्हणतो, मग दाब कुठून आणू?

माझं मत पक्कं आहे. दाबावर तडजोड करायची नाही. सिग्नलसाठी धातू कमी करायचाच आहे, पण तो दाब देणाऱ्या भागातून नव्हे; प्रवाहाच्या वाटेत जो येतच नाही, तो धातू आधी काढायचा. असा फुकटचा धातू प्रत्येक कॉन्टॅक्टमध्ये असतो आणि बहुतेक वेळा तोच सिग्नल बिघडवत असतो.

आधी स्प्रिंग

डोळ्यांना गुळगुळीत दिसणारे दोन पृष्ठभाग टेकतात तेव्हा ते प्रत्यक्षात मोजक्या उंचवट्यांवरच टेकतात. प्रवाहाला या बारीक ठिपक्यांतून आकसून जावं लागतं आणि त्यातूनच संपर्करोध निर्माण होतो. राग्नार होल्म या स्वीडिश शास्त्रज्ञाने विसाव्या शतकात या विषयाची पक्की पायाभरणी केली. विद्युत संपर्कांवरची जागतिक परिषद आजही त्यांच्याच नावाने भरते. दाब वाढला की उंचवटे चेपतात, ठिपके मोठे होतात, रोध उतरतो. उंचवटे पुरते चेपले जातात असं धरलं तर रोध दाबाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात घटतो. म्हणून पहिले २०-३० ग्रॅम फार मोलाचे असतात आणि पुढच्या प्रत्येक ग्रॅमचा फायदा कमी कमी होत जातो.

व्यवहारातला ठोकताळा असा: सोन्याचा मुलामा असेल तर प्रत्येक कॉन्टॅक्टला ३० ते ५० ग्रॅम, कथलाचा असेल तर किमान १०० ग्रॅम. कथलावर ऑक्साइडचा कडक पापुद्रा असतो, तो फोडायला जोर लागतो. आता स्लॉट पाहा. सोळा लेनच्या स्लॉटमध्ये १६४ कॉन्टॅक्ट असतात. प्रत्येकी ४५ ग्रॅम दाब आणि घर्षणांक ०.३ धरला तर कार्ड नुसतं आत सरकवायलाच सव्वादोन किलोच्या आसपास जोर लागतो, आणि पट्ट्या पहिल्यांदा उघडताना त्याहून जास्त. हेच १०० ग्रॅमवर नेलं तर पाच किलो. मदरबोर्ड वाकेल. कार्डाच्या कडेला सोनं का लावतात याचं अर्धं उत्तर या हिशेबात आहे.

दाबाचं गणित एका टोकाला पक्क्या बसवलेल्या पट्टीचं, म्हणजे कँटिलिव्हरचं. दाब हा पट्टीच्या रुंदीच्या प्रमाणात, जाडीच्या घनाच्या प्रमाणात आणि लांबीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असतो. मुळाशी येणारा ताण जाडीच्या प्रमाणात आणि लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात. ही दोन नाती तोंडपाठ हवीत. फायनाइट एलिमेंटचं सॉफ्टवेअर त्यानंतर उघडायचं.

आकडे घालून बघू. फॉस्फर ब्राँझची पट्टी, ५ मिमी लांब, ०.५ मिमी रुंद, ०.२ मिमी जाड. टोक ०.५ मिमी वाकवलं की सुमारे ०.४४ न्यूटन, म्हणजे ४५ ग्रॅम दाब मिळतो आणि मुळाशी ६६० मेगापास्कल ताण येतो. कडक टेम्परच्या फॉस्फर ब्राँझला तो काठावर झेपतो. आता सिग्नलवाला सांगतो, एक मिलिमीटर कमी कर. लांबी ४ मिमी केली, बाकी सगळं तसंच ठेवलं, तर दाब जवळपास दुप्पट होतो आणि ताण जातो १०३० मेगापास्कलवर. पट्टी पहिल्याच वेळी कायमची वाकेल. जाडी ०.१५ वर आणली तरी ताण ७७० च्या वर राहतो आणि दाब ३७ ग्रॅमवर उतरतो. बहुतेक चर्चा इथे अडते आणि मग कुणीतरी दाबाचा आकडा खाली ओढतो.

त्याऐवजी पट्टी निमुळती करा. मुळाशी ०.५ मिमी, टोकाकडे बारीक होत जाणारी. सरळ पट्टीत सगळा ताण मुळाशी एकवटतो आणि पुढचा धातू आरामात बसलेला असतो. निमुळत्या पट्टीत तो लांबीभर सारखा वाटला जातो. पूर्ण त्रिकोणी पट्टीत त्याच वाकासाठी ताण एक तृतीयांशाने कमी येतो. वरचीच ४ मिमीची, ०.२ मिमी जाडीची पट्टी त्रिकोणी धरली आणि वाक ०.४५ मिमी ठेवला, तर दाब येतो सुमारे ०.५२ न्यूटन आणि ताण ६२० मेगापास्कल. म्हणजे एक मिलिमीटर कमी करूनही दाब वाढला आणि ताण उतरला. प्रत्यक्षात टोकाला संपर्कासाठी थोडी रुंदी ठेवावीच लागते, त्यामुळे हिशेबातला सगळा फायदा हाती येत नाही, पण बराचसा येतो. शिवाय टोक बारीक झालं की शेजारच्या कॉन्टॅक्टशी असलेली धारिताही घटते, तो सिग्नलचा फायदा वेगळाच. मेकॅनिकल आणि सिग्नल या दोघांचं हित ज्या थोड्या जागी एक होतं, त्यातली ही पहिली जागा. ती सोडू नका.

टॉलरन्सचा विचार याच टप्प्यावर करायचा, ड्रॉइंग झाल्यावर नव्हे. स्लॉटमध्ये बसणाऱ्या कार्डाची जाडी १.५७ मिमी, त्यात ०.१३ मिमी कमी-अधिक चालतं. कार्ड मधोमध बसलं असं धरलं तरी एका बाजूच्या पट्टीचा वाक ०.०६५ मिमीने हलतो. वरच्या निमुळत्या पट्टीत त्याने दाब सात-आठ ग्रॅमने वरखाली होतो. कार्ड एका बाजूला सरकलं तर आणखी. पट्टीच्या जाडीत ६ मायक्रॉनचा फरक म्हणजे ३ टक्के, पण दाबात तो ९ टक्के होऊन उतरतो, कारण जाडी घनात येते. आणि या सगळ्यांपेक्षा मोठा फरक असतो वाकवल्यानंतर टोक नेमकं कुठे आलं याचा. म्हणून मी कडक स्प्रिंग आणि थोडा वाक यापेक्षा मऊ स्प्रिंग आणि जास्त वाक नेहमी पसंत करतो. प्लास्टिकच्या घरात पट्टी आधीच थोडी दाबून बसवली, म्हणजे प्रीलोड दिला, तर कार्ड आत येताना टोक अडून पट्टी चिरडण्याची भीतीही जाते.

मिश्रधातू निवडताना लोक वाहकतेचे आकडे घेऊन बसतात. सिग्नल कॉन्टॅक्टपुरता तो आकडा जवळपास बिनमहत्त्वाचा आहे. १६ गिगाहर्ट्झला प्रवाह तांब्यातही पृष्ठभागाच्या अर्ध्या मायक्रॉनमध्येच राहतो. आतल्या ब्राँझपर्यंत तो पोचतच नाही. इथे बघायचं ते शिथिलन. उष्णतेत ताणाखाली राहिलेली पट्टी हळूहळू दाब सोडते. पितळ या बाबतीत कच्चं. फॉस्फर ब्राँझ साधारण १०५ अंश सेल्सिअसपर्यंत विश्वासाचं. त्याच्या वर, उदाहरणार्थ वाहनाच्या इंजिनाजवळ, तांबं-निकेल-सिलिकॉनचा सी७०२५ किंवा बेरिलियम कॉपर घ्यावं लागतं. बेरिलियम कॉपर उत्तम स्प्रिंग आहे, पण महाग, आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक. टूलरूममध्ये ते घासायचं-तासायचं असेल तर धूळ ओढून घेणारी सोय आधी करा. वाहकता बघायची ती वीज वाहणाऱ्या कॉन्टॅक्टसाठी, कारण तिथे प्रश्न तापण्याचा असतो.

मुलामा

संपर्काच्या जागी कोबाल्टचा अंश असलेलं कडक सोनं, ०.७६ मायक्रॉन, त्याखाली निकेल, किमान १.२७ मायक्रॉन. हे आकडे विचित्र वाटतात, कारण ते इंचाच्या मापातून आले आहेत. निकेलचं काम तांब्याला वर सोन्यात मुरू न देण्याचं आणि सोन्याला खालून टणक आधार देण्याचं. पैसे वाचवायला ०.०५-०.१ मायक्रॉनचं नावापुरतं सोनं लावणारे असतात. एकदा बसवून विसरायच्या जोडणीत ते कसंबसं चालतं. जिथे काढ-घाल आहे किंवा पंख्याची थरथर आहे तिथे अंगाशी येतं. थरथरीने काही मायक्रॉनची सूक्ष्म हालचाल होत राहते, सोनं झिजतं, खालचं निकेल उघडं पडतं, आणि रोध अधूनमधून उसळ्या मारू लागतो. मायक्रोस्कोपखाली अशा कॉन्टॅक्टवर एक लहानसा काळपट डाग दिसतो, मध्ये झिजलेली वाटी आणि भोवती बाहेर ढकललेल्या भुकटीची कड. तो डाग एकदा पाहिला की पुन्हा ओळखायला चुकत नाही. टेबलावर तासन्‌तास नीट चालणारं कार्ड रॅकमध्ये मध्येच वेग उतरवून खालच्या पिढीवर का जातं, याचा शोध अनेकदा या डागापाशीच संपतो.

एक गोष्ट आवर्जून. संगणक दुरुस्तीच्या दुकानात मेमरीचं किंवा ग्राफिक्सचं कार्ड काढून त्याच्या सोनेरी कडेवर खोडरबर फिरवण्याची पद्धत गावोगाव आहे. कृपा करून ती बंद करा. खोडरबरात घासणारी भुकटी असते, ती सोनं खरवडते, आणि उरलेले रबराचे कण स्लॉटमध्ये जाऊन बसतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड पुरे. कार्ड पुन्हा बसवताना जी घसट होते तीच अर्धी सफाई करते; खोडरबराने कार्ड ‘दुरुस्त’ होतं ते बहुधा त्यामुळेच.

सिग्नलच्या बाजूने मुलाम्यात एक मेख आहे. सोनं महाग, म्हणून ते फक्त संपर्काच्या जागी लावतात, बोर्डाला सोल्डर होणाऱ्या पायाला कथील, आणि मधली सगळी पट्टी उघड्या निकेलची राहते. निकेल चुंबकीय आहे आणि त्याचा रोधही तांब्याच्या चौपट. उच्च वारंवारतेचा प्रवाह पृष्ठभागालगतच वाहत असल्याने तो नेमका या निकेलमधून जातो. पट्टी काही मिलिमीटरांचीच असते म्हणून हा तोटा सहसा सोसण्यासारखा असतो. पण संगणकीय मॉडेलमध्ये पट्टी तांब्याची धरून ‘आमचा लॉस फार कमी आहे’ असं सांगणारा अहवाल समोर आला, तर आधी निकेल कुठे आहे ते विचारा.

शेपूट

आता लेखाच्या मुख्य मुद्द्याकडे. कार्ड खाली सरकतं तसा पट्टीचा उंचवटा सोनेरी पट्ट्यावर, म्हणजे पॅडवर, घासत वर जातो. या घासण्याच्या अंतराला वाइप म्हणतात. त्याने धूळ आणि पापुद्रे बाजूला सारले जातात, म्हणून मेकॅनिकल माणसाला वाइप जितका जास्त तितकं बरं वाटतं. कार्ड पूर्ण बसल्यावर काय होतं ते नीट बघा. सिग्नल पट्टीतून वर येतो, संपर्कबिंदूतून पॅडवर उतरतो आणि वर, कार्डाच्या आत निघून जातो. संपर्कबिंदूच्या खाली कार्डाच्या कडेपर्यंत उरलेलं पॅड कुणाच्याच वाटेत नाही. ते शेपूट, इंग्रजी शब्द स्टब. त्याची लांबी वाइपच्या लांबीएवढीच असते. म्हणजे सफाईसाठी ठेवलेला प्रत्येक दशांश मिलिमीटर सिग्नलसाठी शेपटात जमा होतो.

दुसरं शेपूट पट्टीच्या बाजूला. कार्ड सहज आत शिरावं म्हणून पट्टीचं टोक संपर्कबिंदूच्या पुढे बाहेर वळवलेलं असतं. तेही वाटेबाहेरचं.

शेपूट ही सिग्नलच्या वाटेवरची बंद गल्ली आहे. लहर तिच्यात शिरते, टोकाला आपटून परत येते. शेपटाची लांबी लहरलांबीच्या एक चतुर्थांशाएवढी झाली की परतलेली लहर मूळ लहरीच्या नेमकी उलट पडते आणि त्या वारंवारतेला सिग्नल जवळपास मरतो. हिशेब सोपा आहे: ३०० ला शेपटाच्या मिलिमीटर लांबीच्या चौपटीने आणि भोवतालच्या पदार्थाच्या परिणामी डायइलेक्ट्रिक स्थिरांकाच्या वर्गमुळाने भागा, उत्तर गिगाहर्ट्झमध्ये येतं. पॅडभोवती हा स्थिरांक ३ धरला तर २.५ मिमीचं शेपूट सुमारे १७ गिगाहर्ट्झला सिग्नल गिळतं. १.५ मिमीचं सुमारे २९ ला.

पहिल्या पिढीत सिग्नलची मूलभूत वारंवारता १.२५ गिगाहर्ट्झ होती, तेव्हा अडीच मिलिमीटरचं शेपूट कुणाच्या गावीही नव्हतं. पाचव्या पिढीत ती १६ गिगाहर्ट्झ आहे. तेच शेपूट, तोच वाइप, आणि सिग्नलच्या ऐन मध्यावर खड्डा. २०२२ च्या सहाव्या पिढीत वेग ६४ अब्जांवर नेताना दोनऐवजी चार पातळ्यांची पद्धत घेतली, त्यामुळे मूलभूत वारंवारता १६ वरच राहिली. पण पातळ्यांमधलं अंतर एक तृतीयांश झालं आणि कनेक्टरच्या बारीकसारीक दोषांना लपायला जागा उरली नाही. मी स्वतः शेपटाची वारंवारता मूलभूत वारंवारतेच्या किमान पावणेदोन पट तरी वर ठेवतो. त्याहून जवळ असेल तर खड्डा थेट आड आला नाही तरी शेपूट धारितेसारखं वागतं आणि इम्पिडन्स खाली ओढतं.

मग वाइप किती ठेवायचा? उलट्या बाजूने मोजत या. कार्ड पूर्ण बसलं नाही, थोडं तिरकं बसलं, पॅडची कड थोडी कमी कापली गेली, प्लास्टिकचा तळ थोडा उंच निघाला: या सगळ्या टॉलरन्सची बेरीज करा. सर्वांत वाईट स्थितीतही संपर्कबिंदू पॅडच्या कडेपासून अर्धा मिलिमीटर आत राहिला पाहिजे. यातून निघेल तो वाइप, आणि तेवढंच शेपूट. ते जास्त वाटत असेल तर वाइपवर थेट कात्री चालवू नका. टॉलरन्स कमी करा. कार्ड अडवून पक्कं धरणारी खिट्टी सुधारणं हा माझ्या मते सिग्नल सुधारण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे, आणि सिग्नलच्या बैठकीत तो सहसा कुणाला सुचत नाही.

पट्टीच्या वळलेल्या टोकाबाबत मात्र हात आखडता घेऊ नका. ते १ मिमीच्या आत आणा, बारीक करा. कार्ड आत वळवण्याचं काम प्लास्टिकच्या उतरत्या कडेवर सोपवा. प्रीलोड दिलेला असला की टोक प्लास्टिकआड सुरक्षित राहतं. कार्डाच्या कडेला सोनं चढवण्यासाठी ठेवलेल्या बारीक तांब्याच्या रेषा कडेपर्यंत तशाच राहिल्या असतील तर त्याही शेपटात धरा. आणि खालच्या बाजूला, मदरबोर्डमध्ये भोकातून आरपार जाणाऱ्या पिनचं उरलेलं टोक हे तिसरं शेपूट. वेग वाढला तसा बोर्डाच्या पृष्ठभागावर सोल्डर होणाऱ्या पायांकडे कल झुकला तो याचसाठी.

उंचवट्याचा आकारही याच ठिकाणी ठरवायचा. गोलाकार आणि सपाट पृष्ठभाग एकमेकांवर दाबले की टेकण्याची जागा किती मोठी होते आणि ताण किती येतो, हे हाइनरिश हर्ट्झने १८८२ साली मांडलं. त्यानंतर काही वर्षांतच त्याने विद्युतचुंबकीय लहरी प्रयोगाने सिद्ध केल्या, आणि गिगाहर्ट्झमध्ये आपण ज्याचं नाव घेतो तो हाच. उंचवट्याची त्रिज्या फार लहान असेल तर सोनं खरवडलं जातं, फार मोठी असेल तर धूळ अडकते आणि संपर्कबिंदू नेमका कुठे पडेल याचा भरवसा राहत नाही. उंचवटा दाबून गुळगुळीत करायचा आणि घासणारी बाजू पट्टीची मूळची लाटलेली बाजू असेल हे बघायचं. डायने कापलेली कड कधीही संपर्काला वापरू नका. तिच्यावरचं तुटलेलं खडबडीत पोत सोन्यातून डोकावतंच.

इम्पिडन्स आणि शेजारी

एक सिग्नल दोन पट्ट्यांच्या जोडीवरून जातो; पीसीआय एक्सप्रेसच्या जोडीला ८५ ओहम इम्पिडन्स लागतो, यूएसबीला ९०, ईथरनेटला १००. कॉन्टॅक्ट लांबीभर एकसारखा नसल्याने हा आकडा वाटेत वरखाली होतो. टीडीआरच्या, म्हणजे धार पाठवून परतणाऱ्या लहरीवरून इम्पिडन्स दाखवणाऱ्या उपकरणाच्या, पडद्यावर ते सरळ वाचता येतं: बोर्डाच्या पॅडपाशी रेषा खाली बुडते, प्लास्टिकात रुतवलेल्या काटेरी भागातही बुडतेच, मोकळ्या हवेतल्या पट्टीपाशी टेकाड येतं, आणि संपर्कबिंदूपाशी पॅड, पट्टी, वळलेलं टोक असा सगळा धातू एकत्र आल्याने पुन्हा खड्डा. खड्डा म्हणजे धारिता जास्त, तिथला धातू कमी करा, प्लास्टिकात खिडकी कापून हवा आत घ्या, किंवा पॅडखालची ग्राउंडची पातळी काढा. टेकाड म्हणजे उलट: पट्टी तिथे थोडी रुंद करा किंवा जोडीतलं अंतर कमी करा. टीडीआरची चढती धार मात्र प्रत्यक्ष सिग्नलला शोभेल अशी घ्या. ३५ पिकोसेकंदाच्या धारेला तीनेक मिलिमीटरपेक्षा लहान गोष्टी पुसट दिसतात. त्यावर समाधान मानून ३२ अब्ज बिटांचा कनेक्टर मंजूर करणं योग्य नाही.

जोडीतल्या दोन पट्ट्यांची लांबी सारखी असावी, हे सांगायला नको. काटकोनात वळणाऱ्या कनेक्टरमध्ये ती आपोआप असमान होते. प्लास्टिकमधला एक मिलिमीटर फरक म्हणजे जवळपास ६ पिकोसेकंद, आणि ३२ अब्जांच्या वेगाला एक बिट अवघा ३१ पिकोसेकंदांचा.

क्रॉसटॉकबाबत, म्हणजे एका जोडीचा सिग्नल दुसरीत झिरपण्याबाबत, सगळे सिग्नलच्या जोड्यांमधलं अंतर बघतात. गडबड मात्र अनेकदा ग्राउंडच्या कॉन्टॅक्टमध्ये असते. दोन्ही बोर्डांच्या ग्राउंडला टोकांशी जोडलेली, मध्ये मोकळी असलेली पट्टी ही स्वतःच एक अनुनादक आहे. तिची लांबी अर्ध्या लहरलांबीएवढी झाली की ती वाजू लागते. १० मिमी लांबीला हे ८-९ गिगाहर्ट्झच्या आसपास घडतं, आणि क्रॉसटॉकच्या आलेखावर तिथे सुळका दिसतो. जोड्या एकमेकींपासून कितीही दूर नेल्या तरी तो हलत नाही. उपाय म्हणजे ग्राउंडच्या पट्ट्या मध्येच आडव्या पट्टीने एकमेकींना जोडणं, किंवा तिथे ऊर्जा शोषणारं प्लास्टिक घालणं. पट्टी आखूड करणं तर आहेच, आणि त्याची युक्ती आपण वर पाहिली.

मांडणीतच चूक असली तर ती किती काळ सोबत करते याचं उदाहरण आरजे४५. टेलिफोनच्या काळातल्या मांडणीमुळे त्यात ३ आणि ६ क्रमांकाची जोडी ४-५ च्या जोडीला दोन्ही बाजूंनी कवेत घेते आणि क्रॉसटॉक जन्मतःच मिळतो. कॅटेगरी ६ ला २५० आणि ६ए ला ५०० मेगाहर्ट्झपर्यंत नेताना सॉकेटच्या आत मुद्दाम उलट क्रॉसटॉक घालून तो कापावा लागतो.

तपासणी आणि ड्रॉइंग

नमुने आले की सगळे नेटवर्क अॅनलायझरकडे धावतात. आधी संपर्करोध मोजा, चार तारांनी, ईआयए-३६४-२३ पद्धतीने: उघड्या टोकांना २० मिलिव्होल्ट आणि प्रवाह १०० मिलिअँपिअर, याहून जास्त नाही. साध्या मल्टिमीटरचा व्होल्टेज पातळ पापुद्रा फोडून टाकतो आणि खराब कॉन्टॅक्ट चांगला दाखवतो. मग काढ-घाल, उष्णता, दमटपणा, कंपन, आणि प्रत्येकानंतर पुन्हा रोध. सरासरी बघू नका, सर्वांत वाईट कॉन्टॅक्ट बघा. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात माल उघड्या गोदामात राहणार असेल तर दमटपणाची चाचणी नावापुरती उरकू नका. सिग्नलची मोजणी फक्त कोऱ्या, नीट बसवलेल्या नमुन्यावर न करता कार्ड परवानगीच्या मर्यादेइतकं वर उचलूनही करा. शेपूट छाटण्यात आपण किती पुढे गेलो आणि संपर्क तरीही टिकला का, हे त्याच एका मोजणीत कळतं.

शेवटी ड्रॉइंग. त्यावर नुसतं ‘सोनं ०.७६ मायक्रॉन’ लिहू नका. संपर्काचा पट्टा कुठून कुठे, जाडी कोणत्या बिंदूवर मोजायची, ते रेखाटा. बर कोणत्या बाजूला यायची, पट्टी लाटण्याच्या दिशेला आडवी वाकवायची की उभी, वळलेल्या टोकाची कमाल लांबी किती, हे लिहा. न लिहिलं तर डाय बनवणारा त्याला सोयीचं ते करील, आणि त्यात त्याची चूक नसेल. दाब कोणत्या वाकाला मोजायचा तो आकडा शेजारी द्या, आणि मोजण्याआधी पट्टी एकदा पूर्ण वाकवून सोडायची हेही. पहिली रिळं आली की नमुने फक्त सुरुवातीचे घेऊ नका. रिळाच्या सुरुवातीचे, मधले आणि शेवटचे कॉन्टॅक्ट काढून त्यांच्या टोकांची उंची मोजा, आणि हे आकडे मेकॅनिकल आणि सिग्नल या दोन्ही टेबलांवर एकाच दिवशी पोचतील अशी व्यवस्था करा.